घोडा, धनुष्य आणि वैशाखाचे ऊन
अश्वारूढ तिरंदाजीच्या उन्हाळी हंगामाचे नियोजन

आपल्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात एक सूचना पुन्हा पुन्हा पुढे येते. उन्हाळ्याच्या सुटीत वसतिगृहातील मुलामुलींसाठी तिरंदाजीचे शिबिर घ्यावे आणि शक्य झाल्यास घोड्यावरून बाण मारण्याची विद्याही शिकवावी, अशी ती सूचना आहे. सूचना करणाऱ्यांचा उत्साह समजण्याजोगा आहे. परंतु घोडा, धनुष्य आणि मराठवाड्याचा उन्हाळा या तिन्ही गोष्टी एकत्र आणायच्या म्हणजे केवळ उत्साह पुरत नाही. असा हंगाम कसा आखावा, त्यात काय करावे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आपला समाज या विषयाकडे निव्वळ खेळ म्हणून पाहू शकत नाही, याला कारण आहे. महाभारताच्या आदिपर्वातील एकलव्याची कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. निषादाच्या मुलाला गुरूने शिकवण्याचे नाकारले, त्याने स्वतःच्या अभ्यासाने विद्या मिळवली आणि मग गुरुदक्षिणा म्हणून त्याच्या उजव्या हाताचा अंगठाच मागून घेतला गेला. घोड्याची गोष्ट तर प्राचीन नाही, आजची आहे. नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवल्याच्या बातम्या देशाच्या अनेक भागांतून अजूनही येतात. मार्च 2018 मध्ये गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात एका दलित तरुणाची हत्या झाली. तो घोडा पाळतो आणि त्यावर बसून फिरतो, हे गावातल्या काहींना खपत नव्हते, असे त्याच्या कुटुंबीयांनी सांगितले. धनुष्य आणि घोडा या दोन्ही गोष्टी ज्यांना नाकारल्या गेल्या, त्यांची मुले घोड्यावर बसून बाण मारतील, या कल्पनेने कोणाचेही मन भरून येईल. परंतु एका दिवसाच्या मिरवणुकीपुरते हे करून भागणार नाही. ती विद्या म्हणून शिकवली जावी, तिचे सर्व नियम पाळून शिकवली जावी, हा या लेखाचा आग्रह आहे.

घोड्यावरची तिरंदाजी म्हणजे काय?

घोड्यावरून बाण मारण्याची कला मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांत वाढली. शक, पार्थियन, हूण, तुर्क आणि मंगोल यांच्या सैन्याचे सामर्थ्य मुख्यत्वे याच कलेत होते. घोडा न थांबवता खोगिरावरच मागे वळून पाठलाग करणाऱ्यावर बाण सोडण्याच्या पद्धतीला पार्थियन लोकांचेच नाव मिळाले आहे. यांपैकी शकांचा आपल्या भूमीशी निकटचा संबंध आला. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खुसंघाला दिलेल्या दानांची नोंद आहे आणि तेथे तो स्वतःला शक म्हणवतो. घोडेस्वार धनुर्धरांच्या कुळातला हा मनुष्य सह्याद्रीच्या कुशीत येऊन संघाचा दायक झाला, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी इतिहासाच्या तासाला जरूर ऐकावी.

बंदुका आल्यावर युद्धातील ही कला मागे पडली, तरी ती नष्ट झाली नाही. जपानमध्ये ‘याबुसामे’ या नावाने ती विधिपूर्वक जपली गेली आहे. तेथे सुमारे 250 मीटर लांबीच्या धावपट्टीवर स्वार घोडा दौडवत तीन लाकडी लक्ष्यांवर एकापाठोपाठ बाण सोडतो. हंगेरीत कश्शाई लायोश यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत या कलेला आधुनिक खेळाचे रूप दिले, नियम बांधले आणि शिक्षणाची पद्धत बसवली. तुर्कस्तानच्या पारंपरिक तिरंदाजीचा समावेश 2019 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. 2014 मध्ये किर्गिझस्तानात सुरू झालेल्या जागतिक भटक्या जमातींच्या क्रीडामहोत्सवातही पारंपरिक आणि अश्वारूढ तिरंदाजीला मान आहे.

आजच्या स्पर्धांचे स्वरूप समजण्यास सोपे आहे. हंगेरियन पद्धतीत साधारण 90 ते 100 मीटरची सरळ धावपट्टी असते आणि तिच्या मध्याजवळ बाजूला लक्ष्ये उभी केलेली असतात. स्वाराने जवळ येताना, समोरून जाताना आणि पुढे निघून गेल्यावर मागे वळून असे तीन प्रकारे बाण सोडायचे असतात. कोरियन पद्धतीत धावपट्टीच्या कडेला एक, दोन किंवा पाच लक्ष्ये असतात आणि ती अगदी जवळून भेदायची असतात. लक्ष्यावरचे गुण आणि धाव पुरी करण्यास लागलेला वेळ या दोहोंवरून निकाल ठरतो. लगाम घोड्याच्या मानेवर सोडलेला असतो, कारण स्वाराचे दोन्ही हात धनुष्यात गुंतलेले असतात. म्हणजेच घोडा हाताने नव्हे, मांड, पाय आणि विश्वास यांवर चालवावा लागतो. या खेळातील सारी अवघड गोष्ट एवढीच आहे.

अंगठ्याची विद्या

ऑलिंपिकमध्ये दिसणारा तिरंदाज तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांनी दोरी ओढतो. मध्य आशियापासून कोरिया आणि जपानपर्यंतच्या घोडेस्वारांची जुनी रीत वेगळी आहे. ते दोरी अंगठ्याने ओढतात आणि तर्जनीने अंगठ्याला अडसर घालतात. अंगठ्याला इजा होऊ नये म्हणून त्यात हाड, शिंग, धातू अथवा चामड्याची अंगठी घालतात. तीन बोटांच्या पद्धतीत उजव्या हाताच्या तिरंदाजाचा बाण धनुष्याच्या डाव्या अंगास टेकतो, तर अंगठ्याच्या पद्धतीत तो उजव्या अंगास टेकतो. यामुळे बाण दोरीला लावण्याची क्रिया जलद होते आणि घोड्याच्या हिसक्याने बाण सहसा निसटत नाही. आज खेळात दोन्ही पद्धती चालतात. तरीही एकलव्याकडून नेमके काय काढून घेतले गेले, हे अंगठ्याने दोरी ओढून पाहिल्यावाचून पुरतेपणी कळत नाही. आदिपर्वात पुढे असेही येते की एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण मारू लागला, पण त्याची पूर्वीची चपळाई राहिली नाही. कथाकाराला धनुर्विद्या ठाऊक होती, एवढे त्यावरून दिसते.

घोड्यावरचे धनुष्य आखूड असते, कारण ते घोड्याच्या मानेवरून डावीकडून उजवीकडे सहज नेता आले पाहिजे. त्यावर नेम धरण्याचे यंत्र नसते. मुलांसाठी 15 ते 20 पौंड ताणाचे धनुष्य पुरेसे आहे. जड धनुष्य ओढणे हा पराक्रम नाही. ताण झेपला नाही तर मुलाचा खांदा बिघडतो आणि मांडही सुटते.

अहिंसेचा प्रश्न

बौद्ध विद्यालयात मुलांच्या हाती धनुष्य का द्यावे, असा प्रश्न काही पालक विचारतील आणि तो रास्त आहे. याचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. बाबासाहेबांनी 1950 साली या शहरात महाविद्यालय काढले. पुढे त्याला मिलिंद राजाचे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. ज्या ‘मिलिंद प्रश्न’ ग्रंथावरून ही नावे आली, त्याच ग्रंथात साधक भिक्खूने धनुर्धराकडून चार गोष्टी शिकाव्यात असे सांगितले आहे. धनुर्धर दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवून शरीर अचल ठेवतो, वाकडा बाण सरळ करण्याचे साधन जवळ बाळगतो, लक्ष्यावर सराव करतो आणि तो सराव सकाळी तसाच सायंकाळीही करतो. धम्मपदातही मन सरळ करण्यासाठी बाण घडवणाऱ्या कारागिराची उपमा आली आहे. भूतान या बौद्ध देशाचा राष्ट्रीय खेळ तिरंदाजीच आहे.

आपले बाण गवताच्या गठ्ठ्यावर लागणार आहेत. त्याने पहिल्या शीलाला बाधा येत नाही. पहिल्या शीलाची खरी परीक्षा दुसरीकडे आहे. भर उन्हात, पाहुणे येऊन बसले आहेत, मंडप सजला आहे, आणि घोडा दमला आहे. अशा वेळी स्पर्धा थांबवण्याचे धैर्य आयोजकांत असते की नसते, तेथे ती परीक्षा होते. संपूर्ण नियोजन याच प्रश्नाभोवती बांधावे लागते.

हंगाम ठरवणारा सूर्य

युरोपात उन्हाळा हा मैदानी खेळांचा उत्तम काळ मानतात. त्यांच्या वेळापत्रकाची नक्कल आपल्याकडे चालणार नाही. छत्रपती संभाजीनगर परिसरात एप्रिलच्या मध्यापासून दुपारचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि मे महिन्यात अनेकदा त्याच्या वर राहते. काळ्या जमिनीला भेगा पडतात. माळरानाची जमीन दगडासारखी टणक होते आणि तिचा थेट परिणाम घोड्याच्या खुरांवर व सांध्यांवर होतो. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा पाऊस, वावटळ आणि वीज यांचाही भरवसा नसतो.

म्हणून दिवसाचे वेळापत्रक पहाटेपासूनच बांधावे. मे महिन्यात आपल्याकडे सहाच्या आत सूर्योदय होतो. घोड्यावरचा सराव साडेपाचला सुरू करावा आणि आठ वाजता तो बंदच झाला पाहिजे. सायंकाळी जमीन तापलेली असते, त्यामुळे सहानंतर फक्त पायी तिरंदाजी घ्यावी. आकाशात ढग गडगडू लागले की तीही थांबवावी. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला असेल त्या दिवशी घोडा तबेल्याबाहेर काढू नये, मग कार्यक्रम कोणताही असो.

वर्षाचे वेळापत्रक आखताना तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो. पहिली म्हणजे वार्षिक परीक्षा. दुसरी, 14 एप्रिलची जयंती आणि वैशाखी पौर्णिमा. बुद्धपौर्णिमेला प्रात्यक्षिक दाखवावे असे सर्वांना वाटते, पण ही तिथी सरकते. 2024 मध्ये ती 23 मे रोजी, 2025 मध्ये 12 मे रोजी आणि 2026 मध्ये 1 मे रोजी आली. परीक्षा एप्रिलच्या अखेरीस संपल्या आणि पौर्णिमा 1 मे रोजी असली, तर शिबिर जेमतेम सुरू झालेले असेल. अशा वर्षी पौर्णिमेला पायी तिरंदाजीचेच प्रात्यक्षिक ठेवावे. शिबिराचे दिवस परीक्षा संपल्यापासून मोजावेत, पौर्णिमेपासून उलटे मोजू नयेत.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. आपल्या वसतिगृहांतील कित्येक मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात गावी परततात. वर्षभर दूर राहिलेल्या मुलाला आईवडिलांच्या सहवासाचे हेच काही आठवडे मिळतात. शिबिराने ते खाऊन टाकले तर त्या शिबिराचा उपयोग काय? म्हणून परीक्षेनंतरचे तीन आठवडे ही कमाल मर्यादा असावी, उरलेली सुटी मुलाने घरी काढावी, आणि जूनच्या मध्यास शाळा उघडल्यावर पायी सराव पुन्हा सुरू व्हावा.

घोडा आधी, स्वार नंतर

महाराष्ट्राच्या इतिहासात घोडदळाचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि शस्त्रे घेऊन चाकरीला येई, तर बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. आपले विद्यार्थी अर्थातच बारगीर असतील. घोडा संस्थेने आणायचा आहे आणि त्याची जबाबदारीही संस्थेचीच आहे.

पहिल्याच वर्षी घोडे विकत घेण्याचा मोह टाळावा. घोडा बारा महिने खातो, शिबिर तीन आठवडे चालते. जाणत्या अश्वपालकाकडून तीन घोडे आणि त्यांच्यासह अनुभवी मोतद्दार भाड्याने घेणे शहाणपणाचे. भीमा नदीच्या खोऱ्यावरून नाव पडलेला भीमथडी घोडा हा दख्खनचा जुना, काटक घोडा आहे आणि त्याची स्वतंत्र जात म्हणून आता अधिकृत नोंदही झाली आहे. मध्यम उंचीचा, आपल्या हवेला सरावलेला असा घोडा मुलांसाठी योग्य. डिसेंबरात नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगावला जत्रा भरते. तेथे जाऊन अश्वपालकांशी आधीच बोलणी करता येतात. वरातीचे घोडे मात्र घेऊ नयेत. एप्रिल-मे हा लग्नसराईचा काळ असतो. रात्री बारापर्यंत बँडपुढे उभा राहिलेला घोडा पहाटे पाचला मुलांसाठी आणणे त्या मुक्या जनावरावर अन्याय आहे आणि मुलांसाठी धोकाही आहे.

घोडे येण्यापूर्वी पशुवैद्यकांकडून तपासणी करून घ्यावी. घोड्यांचा ग्लँडर्स हा रोग माणसालाही होतो, म्हणून त्याची रक्ततपासणी झालेलाच घोडा आवारात यावा. घोड्याला धनुर्वात लवकर होतो. घोड्याची आणि मुलांची, दोघांचीही त्यावरची लस झालेली असावी. नालबंदाकडून नाल तपासून घ्यावेत. स्वार आणि खोगीर यांचे एकत्रित वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा अधिक नको. म्हणजे घोडा 300 किलोचा असेल तर ही मर्यादा 60 किलो होते.

पाण्याचा हिशेब तर कागदावर मांडूनच ठेवावा. विश्रांती घेणाऱ्या मोठ्या घोड्याला दिवसाला साधारण 25 ते 40 लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात कामाला लावल्यावर त्याहून बरेच अधिक. एका घोड्याला पिण्यासाठी 60 लिटर आणि सरावानंतर अंगावर ओतण्यासाठी 40 लिटर धरले, तर तीन घोड्यांना रोज 300 लिटर आणि तीन आठवड्यांत 6,000 लिटरहून अधिक पाणी लागेल. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते आणि ज्या जिल्ह्यातील गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तेथे हे पाणी कोठून येणार याचे उत्तर मिळाल्याखेरीज घोडा आणू नये.

मुलांनी घोड्यावर बसण्याआधी घोडा ओळखायला शिकावे. निरोगी घोड्याचे तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असते, विश्रांतीत नाडी मिनिटाला साधारण 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16. जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजता येते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच सपाट झाली नाही, तर शरीरात पाणी कमी आहे असे समजावे. हे सारे आठवीतली मुलगी दोन दिवसांत शिकू शकते. शिबिरातून काहीच साधले नाही आणि एवढेच साधले, तरी ते शिबिर वाया गेले असे कोणी म्हणू नये.

अंगुत्तर निकायात केसी नावाच्या अश्वशिक्षकाचा प्रसंग आहे. घोड्यांना कसे शिकवतोस, असे भगवंतांनी विचारल्यावर तो सांगतो की काहींना सौम्यपणे, काहींना कठोरपणे आणि काहींना दोन्ही रीतींनी. कशानेही न शिकणाऱ्याला मी मारून टाकतो. भगवंत म्हणतात की माझीही रीत तीच आहे. केसी चकित होतो, तेव्हा ते उलगडून सांगतात की धम्मात ‘मारणे’ म्हणजे त्या माणसाला उपदेश करण्यास योग्य न समजणे. आपल्या शिबिरात चाबकाला जागा नसावी. धनुष्याची सवय घोड्याला हळूहळू लावता येते. प्रथम धनुष्य हुंगू द्यावे, मग त्याच्या अंगावरून फिरवावे, दूर उभे राहून दोरीचा आवाज ऐकवावा, शेजारी उभे राहून बाण सोडावा, आणि तो शांत राहतो अशी खात्री झाल्यावरच पाठीवरून. जो घोडा दोरीच्या आवाजाने बिचकतच राहतो, त्याला या कामातून मोकळे करावे.

शिक्षणाचा क्रम

एक साधा हिशेब नियोजनाच्या आरंभीच करावा. उन्हाळ्यात एका घोड्याकडून एका सकाळी 10 फेऱ्यांहून अधिक काम घेऊ नये. तीन घोड्यांच्या मिळून 30 फेऱ्या होतात. शिबिरात 40 मुले घोड्यावर बसवायची ठरवली तर प्रत्येकाला रोज एक फेरीही मिळणार नाही. स्वारांची तुकडी 10 जणांची ठेवली तर प्रत्येकाला तीन फेऱ्या मिळतात आणि त्यातून काही शिकता येते. म्हणून पायी तिरंदाजी सर्वांसाठी आणि घोडा दहांसाठी. त्या दहांत पाच मुली असाव्यात. निवड धिटाई पाहून करू नये. जमिनीवरची परीक्षा, आज्ञापालन आणि घोड्याची निगा यांवर ती व्हावी.

पहिल्या आठवड्यात धनुष्य आणि घोडा यांची भेट होऊ नये. सकाळी खोगीर, लगाम, रिकीब, तंग यांची ओळख, खरारा करणे, आणि दोरीने धरलेल्या घोड्यावर संथ चालीत बसणे. सायंकाळी जमिनीवर 7 ते 10 मीटरवरून नेम. दुसऱ्या आठवड्यात पिंप आडवे बांधून केलेल्या लाकडी घोड्यावर बसून बाण लावणे, ओढणे, सोडणे. पुढे, बाजूला आणि मागे वळून. येथे बाण न पाहता दोरीला लावता आला पाहिजे, कारण धावत्या घोड्यावर खाली पाहणारा स्वार तोल गमावतो. तिसऱ्या आठवड्यात मोतद्दाराने धरलेल्या घोड्यावरून, संथ चालीत, प्रत्यक्ष बाण.

आणि पहिल्या वर्षी येथेच थांबावे. तीन आठवड्यांत चौखूर धावत्या घोड्यावरून बाण मारणारा स्वार तयार होत नाही, आणि तो करून दाखवण्याचा हट्ट धरला तर मुलाचा हात किंवा मान मोडू शकते. दुसऱ्या उन्हाळ्यात दुडकी चाल, तिसऱ्यात मध्यम धाव, असा तीन वर्षांचा क्रम असावा. धावत्या घोड्याच्या प्रत्येक झेपेत एक क्षण असा येतो की त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. त्या क्षणी धक्का नसतो आणि निष्णात स्वार त्याच वेळी बाण सोडतो. तो क्षण पुस्तकातून कळत नाही, शेकडो फेऱ्यांनंतर मांडीला कळतो.

स्पर्धा

शिबिराच्या अखेरची स्पर्धा लहान असावी. 60 मीटरची मुरमाची, पाणी मारून मऊ केलेली पट्टी, तिच्या डाव्या अंगास तीन लक्ष्ये, संथ चालीतील धरलेला घोडा, प्रत्येक स्वारास तीन फेऱ्या. सहाला आरंभ, आठला बक्षीससमारंभ. पाहुण्यांची भाषणे घोडे तबेल्यात गेल्यावर सावलीत व्हावीत.

सुरक्षेचे नियम थोडे आणि अपवादरहित हवेत. लक्ष्यांमागे मातीचा उंच बांध असावा आणि त्यापलीकडे कोणाचीही ये-जा नसावी. प्रेक्षक पट्टीच्या उजव्या अंगास, दोरीमागे. घोडा एकाच दिशेने जाईल. आरंभरेषा ओलांडल्याखेरीज कोणी बाण दोरीला लावणार नाही. प्रत्येक स्वाराला शिरस्त्राण आणि टाच असलेले बूट सक्तीचे. ‘थांबा’ हा शब्द कोणीही, अगदी पाचवीतल्या मुलानेही उच्चारला, तर सर्व काही थांबेल.

गुणदानात एक नियम आवर्जून घालावा. लांब पल्ल्याच्या घोडदौडीच्या स्पर्धांत घोड्याची नाडी ठरलेल्या वेळात ठरलेल्या मर्यादेत आली नाही तर स्वार बाद होतो. आपणही तेच करावे. शेवटच्या फेरीनंतर 15 मिनिटांत घोड्याची नाडी 60 च्या खाली आली नाही, तर त्या फेरीचे गुण धरू नयेत. नाडी मोजण्याचे काम स्पर्धेत नसलेल्या विद्यार्थ्यांकडे द्यावे आणि पशुवैद्यकांनी ती पडताळावी. ज्याच्या पाठीवर बसून बक्षीस मिळवायचे त्याचे क्षेम हा निकालाचाच भाग आहे, हे मुलांना मग वेगळे सांगावे लागणार नाही. दुडकी आणि धाव यांची मोठी स्पर्धा पुढे व्हायची असेल, तर ती उन्हाळ्यात नको; डिसेंबर-जानेवारीत, थंडीत घ्यावी. उन्हाळा पायाभरणीचा, हिवाळा स्पर्धेचा, हेच आपल्या प्रदेशाचे खरे वेळापत्रक आहे.

पुढची वाट

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अश्वारूढ तिरंदाजीला ऑलिंपिकमध्ये वा आशियाई क्रीडास्पर्धांत स्थान नाही. शालेय स्पर्धा, गुणांची सवलत, शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण, या वाटा पायी तिरंदाजीतून जातात. त्या दृष्टीने महाराष्ट्राची भूमी आज समृद्ध आहे. फलटण तालुक्यातील सरडे गावच्या शेतमजूर कुटुंबातील प्रवीण जाधव जिल्हा परिषदेच्या शाळेतून क्रीडा प्रबोधिनीत गेले, 2019 च्या जागतिक स्पर्धेत सांघिक रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात खेळले आणि पुढे टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचले. साताऱ्याच्या अदिती स्वामी यांनी 2023 मध्ये बर्लिन येथे वयाच्या 17 व्या वर्षी कंपाउंड प्रकारात जगज्जेतेपद मिळवले, आणि त्याच स्पर्धेत पुरुषांचे विजेतेपद नागपूरच्या ओजस देवतळे यांनी पटकावले. देवतळे यांचा सरावही साताऱ्यातच झाला होता. ही मुले राजवाड्यांतून आलेली नाहीत. शाळेतला एक दक्ष शिक्षक, एक मैदान आणि रोजचा सराव यांतून ती घडली.

त्यामुळे शिबिरातील चाळीसही मुलांच्या हाती धनुष्य टिकले पाहिजे आणि वर्षभर टिकले पाहिजे. बांबूच्या साध्या धनुष्याने 30 आणि 50 मीटरवर खेळला जाणारा ‘इंडियन राउंड’ हा कमी खर्चाचा प्रकार त्यासाठी उत्तम आहे. घोडा हे त्या अभ्यासाचे उन्हाळी पर्व असेल.

माजी विद्यार्थ्यांना मदत करायची असेल, तर चांदीच्या ढालीपेक्षा पुढील गोष्टींची गरज अधिक आहे: पाण्याची एक टाकी, लक्ष्यांमागचा मातीचा बांध, दहा शिरस्त्राणे, वीस हलकी धनुष्ये, आणि तीन आठवडे पहाटे साडेपाचला येऊ शकणारा पशुवैद्यक. आपल्या माजी विद्यार्थ्यांत आज डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, पोलीस दलात आणि सैन्यात असलेलेही आहेत. यांपैकी एकेक गोष्ट एकेका तुकडीने अंगावर घेतली तर पुढच्या परीक्षा संपेपर्यंत सिद्धता होऊ शकते.

एखाद्या पहाटे आपल्या वसतिगृहातील मुलगी घोड्याच्या जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजील, आकडा वहीत लिहील, आणि आज याला विश्रांती द्यावी असे गुरुजींना सांगेल. त्या दिवशी कदाचित तिचा बाण सुटणार नाही. तरीही घोड्यावर बसण्याचा तिचा अधिकार त्या दिवशी पुरता सिद्ध झालेला असेल, आणि दुसऱ्या दिवशी ती बसेल.